उंबऱ्यातून घेतलेलं माप

'नव्या स्वयंपाकघरात शेण आहे. ताबडतोब यावे.' वकीलसाहेबांचा गडी एवढीच चिठ्ठी घेऊन साइटवर आला. चिठ्ठीवर तारीख नव्हती. कोर्टातला माणूस तारीख घालायला विसरला म्हणजे मामला साधा नाही, हे ओळखून मी सायकल काढली. वाटेत वाटत होतं, वासरू आत शिरलं असेल. स्वयंपाकघर वापरात येऊन चारच दिवस झाले होते आणि मागच्या दाराची कडी अजून नीट बसत नव्हती.

वासरू नव्हतं. उंबऱ्याशी उभं राहून आत बघितलं. सगळी जमीन शेणाने सारवलेली होती. हिरव्या-पांढऱ्या पॉलिशच्या सिमेंट टाईल्स, मुंबईहून रेल्वेने मागवलेल्या. एकही फुटू नये म्हणून मी स्वतः स्टेशनवर उभा राहून पेट्या उतरवून घेतल्या होत्या. त्यातली एकसुद्धा दिसत नव्हती. शेणात चिकणमाती कालवून चांगला जाड थर दिला होता, म्हणजे रागाच्या भरात केलेलं काम नव्हतं. पुरतं विचार करून केलेलं होतं.

"बघा," वकीलसाहेब म्हणाले. "आमच्या अक्काची करामत. पहाटे उठून केलंय."

हे काम माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगतो. सोलापुरातला १९३० सालचा मार्शल लॉ उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी पद्मशाल्यांचा मुलगा. घरी सगळे मागावर बसणारे, मी एकटाच ओव्हरसियर झालो. ओव्हरसियर म्हणजे प्लॅन काढायचा, माल निवडायचा आणि गवंड्यांवर ओरडायचं. तिसरं काम मला फार चांगलं जमायचं. सोलापुरातली जुनी घरं माळवदाची, म्हणजे वर मातीचं जाड सपाट छप्पर. उत्तर कसब्यातलं वकीलसाहेबांचं घरही तसंच. स्वयंपाकघराला छपरातलं एक भोक, त्यातूनच उजेड यायचा आणि त्यातूनच धूर जायचा. बहुतेक धूर जातच नसे. भिंती काळ्याकुट्ट झाल्या होत्या.

"अक्काच्या डोळ्यांना सारखं पाणी येतं," वकीलसाहेब मला म्हणाले होते. "धुराने. तिच्यासाठीच करतोय हे सगळं, नरसप्पा. धुराडं घाला, उजेड आणा, चकचकीत करा."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला तिनेच न्हाऊ-माखू घालून वाढवलं. अंगावर लाल अलवण, डोक्यावरून पदर आणि सोवळं असं कडक की मांजरसुद्धा विचारून आत जायचं. सोवळं म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगायला हवं. स्वयंपाक करणारी बाई आंघोळ करून वेगळं धूतवस्त्र नेसायची. मग तिला कुणी शिवायचं नाही. दुसऱ्या जातीच्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही आणि चामडं तर दाराच्या आसपाससुद्धा नको.

माझा मोजणीचा टेप चामड्याच्या डबीत होता. मी पद्मशाली. तेव्हा मी उंबऱ्याबाहेर वही घेऊन उभा.

"ती डबी तिकडंच ठेव," अक्का आतून म्हणाल्या. "मी सांगते, तू लिही. चुलीपासून घागरीपर्यंत सात पावलं. तिथनं उजवीकडं वळलं की चार पावलांवर फळी. फळीवर पहिलं मीठ, मग हळद, मग तिखट. फळीपासून परत चुलीपर्यंत पाच."

"अक्का, मिठाची जागा नको. भिंतीची लांबी किती ते सांगा."

"भिंतीचं काय घेऊन बसलास? भिंत स्वयंपाक करती का?"

मी हसलो. गंमत म्हणून सगळं लिहून घेतलं. खोलीची लांबी-रुंदी बाहेरून मोजली, भिंतींची जाडी वजा केली आणि घरी जाऊन अक्कांच्या पावलांचे फूट-इंच करून टाकले.

मग सॅम्पल्स घेऊन गेलो. वहिनीसाहेब, म्हणजे वकीलसाहेबांची पत्नी, नुकत्याच पुण्याला भावाकडे राहून आल्या होत्या. तिथे त्यांनी उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा बघितला होता आणि त्या दिवसापासून त्यांना बसवत नव्हतं. त्यांनी हिरवी-पांढरी फरशी पसंत केली, भिंतींना कमरेपर्यंत चिनी मातीच्या पांढऱ्या टाईल्स, वर फिकट पिवळा रंग. मी म्हटलं, अक्कांनाही विचारू. सॅम्पल उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवलं. अक्कांनी हिरव्या टाईलवर अंगठा फिरवला, पांढरीवर फिरवला. मग दोन्ही खाली ठेवून त्यांवर एकेक पाऊल ठेवून बघितलं.

"दोन्ही एकच की," त्या म्हणाल्या.

"अक्कांना सगळे रंग सारखेच," वहिनीसाहेब हसून म्हणाल्या. मीही हसलो. त्या हसण्याची आजही मला लाज वाटते.

लेआउट मात्र माझा. त्याचा मला भलताच अभिमान होता. चूल जमिनीवरून उचलून ओट्यावर घेतली, वर धुराडं. पाण्याची मोरी उजव्या भिंतीवरून डाव्या भिंतीला. आणि माझी खास युक्ती म्हणजे फळी थेट चुलीच्या मागच्या भिंतीवर. हात लांब केला की मीठ हाताशी. एक पाऊल चालायला नको.

काम चालू होतं तेव्हा अक्का मागच्या पडवीत स्वयंपाक करत होत्या. तीनदा भात करपला. एकदा बोटं भाजली. "जागा बदलली की हात बसत नाही," वहिनीसाहेब म्हणाल्या आणि ते आम्हा सगळ्यांना पटलं.

आणि आता हे शेण.

"सोवळ्याचा हट्ट आहे, दुसरं काय," वकीलसाहेब उंबऱ्याशी येरझाऱ्या घालत होते. "सिमेंटचा विटाळ, चिनी मातीचा विटाळ. जन्मभर ऐकत आलो. आता बस्स झालं. पंढरपूरला देवळाजवळ एक खोली बघितलीय. पत्र लिहून तयार आहे. तिथं करू दे तिला हवं तेवढं सोवळं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. या बाईने त्यांना भरवून मोठं केलेलं. पण मी काय बोलणार? गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडीत ओव्हरसियरने पडायचं नसतं. तेवढ्यात बाहेर पक्षकार आल्याची वर्दी आली. "आत जाऊन टाईल्सचं काही नुकसान झालंय का ते बघा," जाता जाता ते म्हणाले. "अक्का परसात आहे. आणि तिचं सोवळं मी आता मानत नाही."

मी बूट काढले, पाय धुतले आणि आत गेलो. काम करताना या खोलीत शंभरदा फिरलो होतो, पण बूट घालून. आज अनवाणी पाय ठेवला आणि काहीतरी वेगळं लागलं. खाली वाकून बघितलं. सारवताना बोटांचे पट्टे उठतात, ते सगळीकडे सारखेच, अर्धगोल असतात. इथे तसं नव्हतं. चुलीपुढे गोल पट्टे होते. मोरीकडे जाणारे पट्टे सरळ आणि खोल. जुनी फळी जिथे होती त्या भिंतीशी जमिनीवर बोटांची टोकं दाबून ठिपके उठवले होते. तिथे एक पाट उभा केला होता आणि पाटाआड मिठाची बरणी, मग हळद, मग तिखट. माझी चुलीमागची फळी रिकामी होती.

मी वाकलेला असतानाच परसाचं दार वाजलं. अक्का आत आल्या. सोवळ्यात होत्या, हातात पाण्याचा तांब्या. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात परक्या जातीचा पुरुष, भर दिवसा. आता सगळी आळी गोळा होणार असं मला वाटलं. मी सरळ उभा राहिलो आणि त्यांच्या नजरेला नजर दिली.

त्या माझ्याकडे बघत होत्या. अगदी माझ्या तोंडाकडे. आणि तशाच पुढे आल्या. झपझप चार पावलं टाकली, ठिपक्यांवर थांबल्या, खाली न बघता मिठाची बरणी उचलली. माझ्या आणि त्यांच्या मध्ये दोन हातांचं अंतर होतं. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मीच आणलेला लख्ख उजेड आमच्या दोघांच्या अंगावर पडला होता.

अक्कांना दिसत नव्हतं.

मी हललो नाही. पण त्या थबकल्या. "चुन्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "ओव्हरसियर का?"

"हो, अक्का."

"आत उभा आहेस?"

"हो."

आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी बरणी हळूच खाली ठेवली. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "कधीचा?"

सोवळ्याबद्दल एक शब्द नाही. फक्त कधीचा. मी किती बघितलं एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, "तुम्ही आत आलात त्याच्या आधीपासून."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. उजव्याला गेल्या दिवाळीपर्यंत पणती दिसायची. आता दिवस आहे का रात्र, तेवढं कळतं."

"वैद्यांना दाखवलंत?"

"दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं. म्हणाले, असे गेलेले डोळे परत येत नाहीत."

"आणि घरात?"

"कुणाला ठाऊक नाही. तूही सांगायचं नाही."

"अक्का, तुम्ही विस्तवाशी काम करता. काही झालं तर?"

"विस्तव कळतो रे. त्याची ऊब लागते. घागर कळते, तिच्याजवळ गार असतं. बाकी सगळं मला जमीन सांगायची. इतकी वर्षं माझ्या हातानं सारवलेली जमीन होती ती. कुठं आहे ते पाय ठेवला की कळायचं. ती तू काढून घेतलीस. तुझ्या त्या फरशीवर उभी राहिले की मी कुठंच नसते."

त्यांनी अलवणाचा पदर कोपरापर्यंत मागे घेतला. दोन्ही हातांवर फोड होते, काही फुटलेले. चुलीमागच्या फळीवरून मीठ काढताना जाळावरून हात जायचा. माझी खास युक्ती. पदर पेटला असता तर? चार दिवस ती बाई त्या जाळावरून हात घालत होती आणि मी बाहेर गिऱ्हाइकांना ते स्वयंपाकघर दाखवायला आणायचे बेत करत होतो.

"भावाला सांगितलं तर तो औषधपाणी करेल," मी म्हटलं.

"करील की. आणि चूल काढून घेईल. मग वाढलेलं ताट पुढं येईल आणि मी जेवायचं. पंधराव्या वर्षी या घरात परत आले नरसप्पा, तेव्हापासून मी इथली कोण, तर जिच्या हातचं सगळे जेवतात ती. ते गेलं की कोण?" मग थांबून म्हणाल्या, "पंढरपूरचं मी ऐकलंय. डोळे गेलेत, कान नाहीत गेले."

मी शब्द दिला. कुणाला सांगणार नाही.

बाहेर आलो आणि वकीलसाहेबांना सरळ सांगितलं की माझी निवड चुकली. पॉलिशची फरशी ओली झाली की पाय घसरतो, शेण होतं म्हणून अक्का पडल्या नाहीत. फरशी काढतो, शहाबादी घालतो. चूलही खाली घेतो, ओट्यावर धुराडं नीट ओढत नाही. शेवटचं साफ खोटं होतं. धुराडं झकास ओढत होतं.

"यासारखा माल सगळ्या सोलापुरात नाही असं तुम्हीच म्हणत होतात," ते म्हणाले.

"चुकलं, साहेब."

"आणि हे मी कोर्टात बार रूममध्ये, सगळ्या वकिलांसमोर सांगितलं तर?"

"सांगा."

त्यांनी माझ्याकडे उलटतपासणीच्या नजरेने बघितलं. "करा काय करायचंय ते. पण अक्काचं मी ठरवलंय. तुमचं काम संपलं की पत्र टाकणार." वहिनीसाहेब माझ्याशी बोलेनात. ओटा काढणार नाही, तो तुमच्या स्टोव्हला राहील आणि हिरवी-पांढरी फरशी माजघरात घालून देतो, असं कबूल केल्यावर थोडं बोलल्या.

घरी येऊन वही उघडली. पहिल्याच पानावर अक्कांचा सगळा प्लॅन होता. सात, चार, पाच. मीठ, हळद, तिखट. पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगून टाकलं होतं आणि मी शहाण्याने त्याचे फूट-इंच केले होते.

यल्लप्पा वडार माझ्याकडे दगडाचं काम करायचा. त्याला मी फरशीवर छिन्नीने काय उठवायचं ते काढून दिलं. चुलीपुढे गोल रेघा, पाण्याकडे सरळ, फळीखाली ठिपके.

"गुळगुळीत करा म्हननारं लई भेटलं, सायेब," तो म्हणाला. "खडबडीत करा म्हननारं तुमीच पैले."

"पाय घसरू नये म्हणून."

त्याने छिन्नी ठेवली आणि मांडून ठेवलेल्या चार फरश्यांवरून अनवाणी इकडून तिकडे चालत गेला. परत आला. "घरात कुनाला दिसत न्हाई व्हय?"

मी दचकलो. दोन वर्षं ज्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, ते याने चार फरश्यांत ओळखलं. मी फरश्यांची मापं तपासत राहिलो. त्यानेही परत विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर चुलीच्या कट्ट्याचे आणि मोरीचे सगळे कोपरे त्याने न सांगता घासून गोल केले होते.

काम संपलं. चूल जुन्या जागी, जमिनीवर. मोरी पुन्हा उजवीकडे. फळी जिथली तिथे. पूजा होऊन स्वयंपाक सुरू झाला, त्या दिवशी संध्याकाळी वकीलसाहेब कोर्टातून आले ते तडक काम बघायला. अंगात काळा कोट, पायात बूट. मी उंबऱ्याबाहेरच उभा होतो. अक्का देवाजवळ होत्या. वकीलसाहेब उंबरा ओलांडून बुटांसकट आत शिरले. बूट काढा, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी म्हटलं नाही. माझा शब्द न सांगण्याचा होता, अडवण्याचा नव्हता. तेव्हा मी स्वतःला असंच समजावलं.

"एका खोलीत तीन तऱ्हा?" मधोमध उभे राहून, खाली बघत ते पुटपुटले. "माल कमी पडला का?"

मी उत्तर द्यायच्या आत माजघराच्या दारातून अक्का आल्या. सोवळ्यात. वकीलसाहेबांनी मान वर केली आणि जागच्या जागी आखडले. लहानपणी याच खोलीत वहाणा घालून आल्याबद्दल त्यांनी पाठीवर पळी खाल्ली होती, ते मला त्यांनीच कधीतरी हसत सांगितलं होतं. आता ते तसल्याच तोंडाने उभे होते. चामड्याचे बूट, चुलीपासून दोन हातांवर.

अक्का त्यांच्याकडे तोंड करून आल्या. सरळ रेघांवरून गोल रेघांवर. वळल्या, ठिपक्यांवर गेल्या, मीठ घेतलं, परत आल्या. परत येताना अलवणाचं टोक वकीलसाहेबांच्या बुटावरून घासत गेलं. अक्का चुलीपुढे बसल्या आणि भाताला मीठ घातलं.

रोज कोर्टात साक्षीदाराच्या डोळ्यांवरून खोटं ओळखणारा तो माणूस. त्याच्या तोंडावरचा रंग माझ्या देखत उडाला. ते चवड्यांवर, आवाज न करता मागे मागे सरकत उंबऱ्याबाहेर आले. पडवीतल्या पायरीवर बसले. बुटांचे बंद सोडायला वाकले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मी कुणाला काही सांगणार नाही असा शब्द दिलाय, साहेब."

त्यांनी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "रोज दोन वेळा समोर बसून जेवतो मी तिच्या." कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक बंद पाकीट काढलं, त्यावर पंढरपूरचा पत्ता होता. ते फाडून त्याच खिशात ठेवलं. बूट काढले, पाय धुतले, डोळ्यांवरून पाणी फिरवलं आणि उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले.

"अक्का, फरशी चांगली झालीय की."

"तुला काय कळतंय फरशीतलं," आतून आवाज आला. "पाय धुतलेस का?"

"धुतले."

"मग ये. पानं घेते."

दुसऱ्या आठवड्यापासून वहिनीसाहेब दोन्ही वेळा चुलीजवळ बसू लागल्या. अक्कांच्या हाताखाली स्वयंपाक शिकायचा आहे, असं वकीलसाहेबांनी घरात जाहीर केलं होतं. लग्नाला वीस वर्षं झालेली बाई शिकायला बसली, पण अक्कांनी कारण विचारलं नाही. भावाला सगळं कळलंय हे त्यांनी ओळखलं असेल का, ते मला सांगता येत नाही. पुढे बरीच वर्षं ती चूल त्यांच्याच हातची राहिली.

ओव्हरसियर नरसप्पाने घसरडी फरशी घातली ही बातमी मात्र बार रूममधून सगळ्या कसब्यात गेली. कितीतरी दिवस लोक मला त्यावरून विचारायचे. मी हो म्हणायचो.

तेव्हापासून कुठल्याही स्वयंपाकघराचं काम आलं की मी पहिल्या दिवशी टेप खिशातून काढत नसे. घरात चूल कोण पेटवतं ते विचारायचो आणि ती बाई सांगेल ते तिच्याच मापात लिहून घ्यायचो. फूट-इंच नंतर करता येतात. निवृत्त झालो तरी अजून लोक सल्ला विचारायला येतात आणि फरशीचा रंग कोणता घेऊ म्हणतात. मी म्हणतो, रंग तुमच्या मनाचा घ्या, पण आधी अनवाणी चालून बघा.